समाजमंदिर पाहावे सांभाळून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्या अनुभवी गृहस्थाने प्रथम उच्चारली, त्याच्या वाट्याला गावचे समाजमंदिर सांभाळण्याचा योग आला नसावा. अन्यथा त्याने म्हणीला तिसरा चरण खचित जोडला असता. समाजमंदिरात ही दोन्ही संकटे एकत्र नांदतात. घर बांधून झालेले असते, पण ते वर्षानुवर्षे उभे ठेवायचे असते. लग्न आपले नसते, पण दर मुहूर्ताला दुसऱ्या कोणाचे तरी असते. घर बांधणाराची दगदग वास्तुशांतीला संपते. वधूपित्याची वऱ्हाड मार्गस्थ झाले की संपते. सांभाळणाराची मात्र नेमकी त्याच क्षणी सुरू होते.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम अंगास, जेथे पावसाळा चार महिने मुक्कामालाच येतो, तेथील एका खेड्यात आमचे बालपण गेले. गावाच्या समाजमंदिराची पायाभरणी झाली तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. श्रमदानासाठी शाळेला अर्धी सुटी मिळाली होती आणि ओढ्यातील वाळू पाटीने वाहून आणण्यात आमच्याही चिमुकल्या डोक्यांचा उपयोग झाला होता. मिरवणूक, भाषणे, स्वागतपद्य, लाडवांचा प्रसाद, सारे आजही आठवते. दर्शनी भिंतीवर संगमरवरी फरशी बसली. खांब कोणी दिला, दरवाजा कोणी दिला, व्यासपीठ कोणाच्या स्मरणार्थ, हे सारे तिच्यावर कोरले गेले. पुढे नोकरीनिमित्त चार गावच्या शाळा फिरून आम्ही मुख्याध्यापक म्हणून पुन्हा या भागात आलो, तेव्हा ती फरशी होती तशीच स्वच्छ होती. मात्र तिच्या शेजारी भिंतीवरून ओलीचा एक लांब काळा ओघळ खाली उतरला होता.

त्या फरशीकडे पाहताना प्रथमच एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. खांबाला दाता मिळतो, दरवाजाला मिळतो, घड्याळाला आणि पंख्याला तर हमखास मिळतो. केरसुणीला मात्र दाता मिळत नाही. 'अमक्याच्या स्मरणार्थ यंदाची शाकारणी' अशी पाटी आम्ही आजवर कोठे पाहिली नाही. दान वास्तूच्या जन्माला येते. तिच्या पोटापाण्याला येत नाही.

सरकारी निधीचीही तीच तऱ्हा आहे. 1993 साली खासदारांच्या स्थानिक क्षेत्र विकास योजनेस प्रारंभ झाला, आणि तिच्यातून व अशाच अन्य योजनांतून देशभर समाजमंदिरे उभी राहिली. परंतु झाडलोट, वीजबिल, राखणदाराचा पगार असला नित्याचा खर्च त्या खासदार निधीतून करता येत नाही. तो ज्याचा त्याने करायचा. म्हणजे सरकार असो की दाता, बाळंतपण दोघेही करतात. बाळाला वाढवायचे ते गावानेच.

एका कौलाची गोष्ट

वास्तू एकाएकी पडत नाही. तिचा ऱ्हास कसा सुरू होतो ते आम्ही आमच्याच मंदिराच्या छपरात पाहिले. छप्पर मंगळुरी कौलांचे आहे. बासेल मिशनने मंगळुरास 1865 साली अशा कौलांचा कारखाना काढला, आणि तेव्हापासून या कौलाने साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर आपले राज्य पसरले. कौल टिकाऊ खरेच. पण ते कौल आहे, शिळा नव्हे. माकडांची टोळी छपरावरून एकदा उड्या मारीत गेली की दहापाच कौले सरकतात. एखादे तडकते. खालून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. पहिल्या पावसात थेंब रिपेवर पडतो, रीप कुजते, मग शेजारची कौले खचतात, पाणी वाशापर्यंत पोचते, आणि ओल्या लाकडाच्या वासावर वाळवी येते. एक कौल वेळीच बदलले असते तर जे काम एका माणसाच्या तासाभराच्या श्रमात झाले असते, ते तीनचार वर्षांनी सुताराच्या आठवड्याचे होऊन बसते.

गणित सोपे आहे आणि आम्ही ते सातवीच्या मुलांकडून नेहमी सोडवून घेतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमचे मंदिर 60 फूट लांब व 30 फूट रुंद, म्हणजे सुमारे 167 चौरस मीटर. एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस होणे हे आमच्याकडे नवल नव्हे. त्या एका दिवशी त्या छपरावरून आठ हजार लिटरांहून अधिक पाणी वाहते. हे पाणी पन्हळीतून दूर गेले पाहिजे. पन्हळ पाचोळ्याने तुंबली की तेच पाणी भिंतीत आणि पायात मुरते. एवढ्या पाण्याला वाट करून देणे म्हणजे वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि श्रावणाच्या सुमारास, शिडी लावून पाचोळा काढणे. याला विद्वत्ता लागत नाही, देणगी लागत नाही; लागते ती फक्त एका माणसाची ठरलेली तारीख. आणि सार्वजनिक कामात नेमकी तीच मिळत नाही. कारण जे सर्वांचे असते त्याची आठवण कोणाच्याच दिनदर्शिकेत लिहिलेली नसते.

पूर्वसूरींचे शहाणपण

'जे सर्वांचे ते कोणाचेच नाही' ही अडचण आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गावाने मिळून करावयाच्या कामांचा विचार आहे. जो स्वतः कामास येणार नाही त्याने आपले चाकर आणि बैल पाठवावेत. खर्चात त्याचा वाटा राहील, पण लाभात राहणार नाही, असा दंडक त्यात सांगितला आहे. गावात खेळ-तमाशा व्हायचा असेल आणि कोणी आपला वाटा दिला नाही, तर त्याने व त्याच्या घरच्यांनी तो पाहू नये, असेही तेथे बजावले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही वर्गणी चुकवून पुढच्या रांगेत बसणारे गृहस्थ होते, हे वाचून आमच्या कार्यकारिणीला थोडे समाधान वाटले.

आमच्या शेजारच्या गोमंतकाने याबाबत अधिक मुरलेली रीत सांभाळली. तेथील गावकारी, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद म्हणू लागले, ती गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहत असे. खाजण शेतीचे बांध, पाण्याच्या मानशी, वाटा, देवस्थाने यांचा खर्च उत्पन्नातून आधी वेगळा काढायचा आणि मागे उरेल त्यातून गावकारांना जोण वाटायची, असा क्रम होता. हा क्रमच आम्हांस फार मोलाचा वाटतो. बांध फुटला तर समुद्राचे खारे पाणी शेतात शिरेल आणि जोण वाटण्याजोगे काही उरणारच नाही, हे त्या गावकारांना पक्के ठाऊक होते. आधी डागडुजी, मग वाटणी. आपण बहुधा उलटे करतो; खर्चून जे उरेल ते दुरुस्तीला ठेवू म्हणतो, आणि उरत काहीच नाही.

आणि गाडगे महाराजांना (1876 ते 1956) विसरून कसे चालेल? त्यांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांवर स्वतःची मालकी सांगितली नाही. कारभार विश्वस्तांकडे सोपवला. स्वतःच्या हातात काय ठेवले, तर खराटा. गावात पाऊल टाकताच ते प्रथम गाव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. मालकी नको पण झाडण्याचा हक्क हवा, असा माणूस प्रत्येक समाजमंदिराला मिळाला तर या लेखाचे कारणच उरणार नाही.

आप्पांचे पंचांग

आमच्या मंदिराला असा एक माणूस मिळाला होता. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. गाव त्यांना आप्पा म्हणे. ते खजिनदार होते, पण झाडूही तेच मारीत, पन्हळही तेच साफ करीत आणि लग्नघरच्या पराती मोजून घेण्यासही तेच बसत. हिशेब त्यांच्या बंडीच्या खिशातील वहीत असे. कोणी कधी विचारला नाही, म्हणून त्यांनी कधी दाखवला नाही. या व्यवस्थेला आम्ही सारे 'विश्वास' म्हणत होतो. तो विश्वास नव्हता, आळस होता, हे आम्हांस फार उशिरा कळले.

2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव, कोल्हापूर, सांगली या साऱ्या टापूत अतिवृष्टी झाली. मंदिराच्या छपराची एक बाजू बसली. आप्पांनी थांबून सभा बोलावण्यात वेळ घालवला नाही. पुढच्या उन्हाळ्यातील लग्नांसाठी चौदा घरांनी प्रत्येकी 3,000 रुपये आगाऊ भरले होते. ते 42,000 रुपये त्यांनी वासे, रिपा, कौले आणि सुताराची मजुरी यांत घातले. लग्नसराईत भाड्याची उरलेली रक्कम येईल आणि मेळ बसेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पण 25 मार्च 2020 रोजी, गुढीपाडव्याच्याच दिवशी, साथीमुळे सारा देश बंद झाला. एकही लग्न मंदिरात झाले नाही. चौदा घरांचे पैसे परत करणे प्राप्त होते. बँकेत 9,000 होते, ते आप्पांनी काढले. उरलेले 33,000 त्यांनी स्वतःचे घातले आणि त्याबद्दल कोणाला अवाक्षर सांगितले नाही. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ते गेले.

मंदिराचे कपाट उघडले तेव्हा पावतीपुस्तकात 42,000 जमेची स्थळप्रत होती. बँकेत भरणा नव्हता, उलट होते तेही 9,000 निघाले होते. खर्चाचे एकही चिठोरे नव्हते. संशयाला यापेक्षा अधिक खाद्य लागत नाही. छपराची दुरुस्ती डोळ्यांदेखत झाली होती, पण ती 'पंचायतीने केली असेल' असे ज्याने त्याने धरून चालले. ती चौदाही घरे परगावची; साथीच्या दिवसांत तिकडे कोणी फिरकले नाही. वर्षअखेरीस सभा झाली आणि 42,000 रुपये आप्पांच्या घरच्यांनी भरून द्यावेत असा ठराव झाला. घरच्यांनी वाद घातला नाही. दावणीची म्हैस विकून त्यांनी ते दोन हप्त्यांत भरले.

त्या ठरावाच्या खाली आमचीही सही आहे.

2023 च्या पाडव्याला नवे पंचांग घरात आणताना आप्पांच्या सूनबाईंनी जुन्या पंचांगांचा गठ्ठा उघडला. साथीच्या वर्षीच्या पंचांगात, वैशाखाच्या आणि ज्येष्ठाच्या पानांत, रद्द झालेल्या एकेका मुहूर्तापाशी एकेक पावती ठेवलेली होती. अकरा पावत्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर 'रक्कम परत पोचली' आणि खाली सही किंवा अंगठा. शेवटच्या पानाला सॉ मिलचे आणि कौलांच्या दुकानाचे बिल टाचलेले. वहिनी ते पंचांग पदराखाली घेऊन शाळेत आल्या. आमच्या मेजावर ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, एवढंच विचारायचं होतं. त्या चौदा घरांत कोणी विचारायला गेलं होतं का?"

आम्ही तीस वर्षे मुलांना उत्तराचा ताळा करून पाहायला शिकवत आलो आहोत. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही राहिलेल्या तीन घरी गेलो. तिन्ही घरांनी पैसे परत मिळाल्याचे सांगितले; एकाने तर 'आप्पा स्वतः सायकलीवर येऊन देऊन गेले' हेही सांगितले. सभा पुन्हा बोलावली. ठराव मागे घेतला, घरच्यांनी भरलेले 42,000 आणि आप्पांनी घातलेले 33,000 असे 75,000 रुपये मंदिराने देणे लागते अशी नोंद केली. मंडळींपैकी कोणीतरी सुचवले की 33,000 आप्पांची देणगी म्हणून धरावी आणि संगमरवरी फरशीवर त्यांचे नाव घालावे. सूचना चांगल्या भावनेची होती. वहिनींनी ती नाकारली. "देणगी म्हणून लिहिलं तर उद्या कोणी म्हणेल, पैसे खाल्ले होते ते देणगीत मिटवले. ते येणं होतं. येणं म्हणूनच द्या." दोन वर्षांत चार हप्त्यांनी ती रक्कम फिटली. दर हप्त्याला वहिनींनी सही करून पावती दिली. आमच्या नव्या पावतीफाइलीतली पहिली पावती ती आहे.

या प्रकरणाने आम्हांस एक गोष्ट कायमची शिकवली. हिशेब चोर पकडण्यासाठी ठेवायचा असतो, अशी आपली समजूत असते. म्हणून भल्या माणसाकडे हिशेब मागणे आपल्याला अवघड वाटते. वस्तुतः चोराला हिशेबावाचून काही अडत नाही. हिशेब लागतो तो प्रामाणिक माणसाला, आणि तोही तो बोलायला नसेल तेव्हा.

चार वह्या आणि एक फळा

तेव्हापासून मंदिराचा कारभार आम्ही शाळेच्या दप्तरासारखा बसवला आहे. त्यात नवे असे काही नाही, म्हणूनच कोणत्याही गावाला तो जमण्यासारखा आहे.

पहिली वही रोजकीर्द. ज्या दिवशीचा पैसा त्या दिवशी लिहायचा. जमेला पावती क्रमांक, खर्चाला बिल क्रमांक. बिल नसेल तेथे मजुराची सही घेतलेले व्हाउचर. दुसरी वही आरक्षणाची: तारीख, कार्य, ठरलेले भाडे, आगाऊ रक्कम, अनामत. तिसरी वही वस्तूंची. शाळेत जिला आपण डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो, तशीच. तपेली किती, पराती किती, झारे, बादल्या, सतरंज्या, खुर्च्या किती. ही वही महिला मंडळाकडे आहे, आणि ती त्यांच्याकडे गेल्यापासून आमचे एकही पातेले हरवलेले नाही. चौथी वही इतिवृत्ताची.

पैशाचे खाते बँकेत, आणि पैसे काढण्यास दोघांच्या सह्या. आता पुष्कळ जण मोबाइलवरूनच पैसे पाठवतात. तेही थेट मंदिराच्या खात्यात, कोणा सभासदाच्या खाजगी खात्यात नव्हे. देणगीदारांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी लागते: संस्थेला आयकर सवलतीची मान्यता असली तरी 2,000 रुपयांवरील देणगी रोख दिल्यास ती सवलत मिळत नाही.

अनामतीविषयी आमचा नियम कडक आहे. अनामत हे उत्पन्न नव्हे. तो दुसऱ्याचा पैसा आपल्या घरी पाहुणा आलेला असतो. आगाऊ भाडेही कार्य पार पडेपर्यंत पाहुणाच. आप्पांसारख्या निःस्वार्थी माणसाची फसगत झाली ती येथेच. म्हणून ही रक्कम वेगळ्या खात्यात राहते आणि छप्पर गळत असले तरी तिला हात लागत नाही.

या साऱ्यावर कळस म्हणजे फळा. शाळेतून मोडीत निघालेला एक लाकडी फळा आम्ही मंदिराच्या ओसरीत टांगला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मागील महिन्याची जमा, खर्च आणि शिल्लक त्यावर लिहिली जाते, वरच्या अर्ध्या भागात मराठीतून आणि खालच्या अर्ध्या भागात कानडीतून. आमच्या गावात दोन्ही भाषांची घरे आहेत आणि दोन्ही घरांतील लग्ने याच मंडपात लागतात. सीमेवरच्या माणसाला वादाचे विषय पुष्कळ. पण बेरीज दोन्ही भाषांत सारखीच येते.

भाडे ठरवावे कसे

भाड्याचा दर बहुधा शेजारच्या गावाचा पाहून ठरतो. तसे न करता तो खर्चावरून ठरवावा. एक उदाहरण घेऊ. समजा, वर्षाला झाडलोट व देखरेखीचे 48,000, विजेचे 12,000, शाकारणी, चुना व रंगाचे 20,000, पट्टी, पाणी व विमा मिळून 6,000, किरकोळ 4,000, एकूण 90,000. गोव्याच्या गावकारांचे स्मरण ठेवून त्यात दुरुस्ती निधीचे 30,000 आधीच मिळवावेत. झाले 1,20,000. चातुर्मासात लग्ने नाहीत, आणि बाकीच्या काळातही मुहूर्त मोजके. म्हणून वर्षाला 40 दिवस मंदिर भाड्याने जाईल असे धरले, तर दिवसाला 3,000 रुपये पडतात. येथपर्यंत कोणाचा वाद नसतो.

वाद सवलतीपाशी होतो. गरिबाला अर्ध्या भाड्यात मंदिर द्यावे, हे सर्वांना मान्य असते. प्रश्न एवढाच की ते अर्धे भाडे भरते कोण? वरच्या 40 पैकी 10 दिवस निम्म्या दराने दिले, तर त्यांतून 15,000 येतील आणि उरलेल्या 30 दिवसांना 1,05,000 उचलावे लागतील. म्हणजे त्यांचा दर 3,500 होईल. सवलत आकाशातून पडत नाही. 30 घरे प्रत्येकी 500 रुपये देऊन ती 10 घरांना देत असतात. हा आकडा एकदा फळ्यावर लिहिला आणि दोन गोष्टी झाल्या. खरोखर अडलेल्याला सवलत देताना कोणी कुरकुरले नाही. आणि ज्यांच्या आजोबांनी एकेकाळी खांब दिला म्हणून जे नातवंडांची लग्ने फुकट मागत, त्यांचा आवाज आपोआप खाली आला. खांब दिला, त्याबद्दल नाव कोरले आहे; छप्पर दरसाल नवे मागते.

सवलत द्यावी, मात्र ती तोंडी नसावी. कोणी दिली आणि किती, याची नोंद व्हावी. नाव फळ्यावर लिहू नये. गरिबीचा हिशेब चव्हाट्यावर मांडण्यासाठी समाजमंदिर नसते.

रिकामे मंदिर लवकर मरते

आणखी एक अनुभव. वर्षातील 40 दिवस मंदिर गजबजलेले आणि 325 दिवस कुलूपबंद, ही स्थिती वास्तूला पोषक नाही. बंद खोलीत ओल साठते, वाळवीला निवांतपणा मिळतो, आणि विजेचे स्थिर शुल्क तर दिवा न लावताही भरावेच लागते. म्हणून आम्ही सकाळी दहावी-बारावीच्या मुलांसाठी अभ्यासिका उघडली. दुपारी बचत गटाच्या भगिनी पापड-कुरडयांना बसतात. एकादशीला भजन होते. यांतून भाडे येत नाही. पण रोज कोणीतरी आत जाते, वर पाहते, आणि कौल सरकलेले असेल तर आम्हांस सांगते. अभ्यासिकेतल्या मुलांनीच मागच्या पावसाळ्यात व्यासपीठावरची पहिली गळती दाखवली; वहीवर थेंब पडला म्हणून. राखणदाराच्या पगारात असा राखणदार मिळत नाही.

मध्यंतरी एका कंत्राटदाराने मंदिर पंधरा वर्षांसाठी चालवायला मागितले होते. छप्पर नवे करून देतो, रंग देतो, गावाला वर्षाकाठी ठरावीक रक्कम देतो. भाडे मात्र मी ठरवीन, असे त्याचे म्हणणे. पूर्वीची सभा असती तर तिने 'सुटलो' म्हणून हात जोडले असते. या वेळी मागच्या बाकावरच्या एका तरुणाने ओसरीतील फळ्यावरचे आकडे कागदावर उतरवून आणले होते. त्याने एवढेच दाखवले की कंत्राटदार देणार ती रक्कम मंदिर आजच मिळवते, आणि त्याच्या दराने गावातील निम्म्या घरांना येथे लग्न करता येणार नाही. ठराव बारगळला. आमचे छप्पर अजूनही पुरते नवे झालेले नाही. मागच्या बाजूला अद्याप पत्रे आहेत. दुरुस्ती निधी दोन पावसाळ्यांनंतर तेवढा भरेल. पण दाराची किल्ली गावाच्या खिळ्यावर आहे.

बृहन्महाराष्ट्रात विखुरलेल्या आपल्या समाजाने जेथे जेथे वस्ती केली, तेथे आधी एकत्र बसण्याची जागा केली. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 चे; हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1922 चे. कोठे सभागृह, कोठे वाचनालय, कोठे देवळाचा सभामंडप. त्या वास्तू आजवर टिकल्या त्या पायाभरणीच्या भाषणांनी नव्हेत. वर्षानुवर्षे कोणीतरी पन्हळ साफ केली, कोणीतरी संध्याकाळी रोजकीर्द लिहिली, म्हणून टिकल्या. त्यांची नावे कोणत्याही फरशीवर नाहीत. ती नसली तरी चालेल. परंतु त्यांचा हिशेब मात्र लिहिलेला असावा. त्यांच्या पश्चात त्यांच्या घरी कोणी ठराव घेऊन जाऊ नये, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

वाचकांपैकी ज्यांच्या गावी अशी एखादी वास्तू असेल, त्यांनी मृग लागण्यापूर्वी एकदा तेथे जावे, मान वर करून छपराकडे पाहावे, आणि मग खाली बसून वही मागावी. वही मागताना संकोच करू नये. ज्याच्याकडे ती आहे त्याच्यावर उपकार होतील.